हाताचा टक्का

पैठणीच्या मागावर हात म्हणजे बोटं नव्हेत, खांदा. येवल्यात खड्डामागावर बसलेल्या बाईकडे नीट बघा. धोटा फेकायचा, झेलायचा, फणी पुढ्यात ओढून ठोकायची. पदराचा मोर आला की रंगारंगाच्या तिल्ल्या एकेका ताण्यातून काढायच्या. पुन्हा ठोका. दिवसभर.

शेजारच्या मावशींचा उजवा हात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजायला लागला. काखेतल्या गाठी काढल्या की हातातल्या लसीकेची वाट अडू शकते. डॉक्टर त्या सुजेला लिम्फिडीमा म्हणतात. माग सुटला. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कर्करोग त्यात नाही. म्हणून तिथे आजार सांगून भागत नाही, हात दाखवावा लागतो. खांदा किती अंशांत उचलतो, स्नायूंत जोर किती, हे मोजतात. मग रोजची दहा कामं: डोक्यावरची वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, हाताने जेवणं, वेणी घालणं, सदरा चढवणं, गुंडी लावणं, नाडी बांधणं, पाणी पिणं, लिहिणं, शौचानंतरची स्वच्छता. प्रत्येकाला 9 टक्के. मावशींना बहुतेक सगळं जमलं, सावकाश का होईना. फणी ठोकता येते का, याला रकानाच नाही. आणि 40 टक्क्यांच्या आत राहिलं की बहुतेक सवलतींचं दार बंद. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "घास तोंडापर्यंत जातो गं. कमवायचा कुठल्या हातानं?"

मावशींच्या आईलाही स्तनाचा कर्करोग होता, आणि आईच्या बहिणीलाही. मावशींची मुलगीही मागावरच बसते. खारघरला टाटा स्मारकच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात अशा घराण्यांसाठी जनुक-तपासणीचं क्लिनिक आहे. अशा ठिकाणी रक्ताआधी वंशावळ काढतात: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कर्करोग झालेल्यांच्या खुणा काळ्या. बीआरसीए जनुकात बिघाड असेल तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. आणि तो वडिलांकडूनही येतो, हे आपल्याकडे कोणी ध्यानातच घेत नाही. बिघाड असलेल्या बाईला जन्मभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण 60 ते 70 टक्के.

"रिपोर्ट वाईट आला तर काही मिळतं का?" मुलीने विचारलं. नाही. धोका म्हणजे अपंगत्व नव्हे, आणि मला तरी ते बरोबर वाटतं. धडधाकट पोरीच्या नावावर तसा कागद निघाला तर सोयरीक जुळवणारे तो आधी वाचतील. पण बिघाड निघाला तर तिला पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीनंतर मॅमोग्राफी लागते. पेन्शन नको, ती तपासणी तरी फुकट द्या.

घरात हा आजार झालेली कोणी असेल तर दोन कामं करा. केसपेपरवर आई, आत्या, मावशी, आजी यांचे आजार डॉक्टरांकडून लिहून घ्या. जनुक-तपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीची आधी होते. आणि टक्क्यावर अडलात तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मागा. त्या योजनेत कर्करोगाचा उल्लेख आहे. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. भारी पैठणी याहून महाग विकली जाते.