पांढुर्ण्याच्या स्वयंपाकघरातलं समुद्री शेवाळ

पांढुर्णा-सौंसर हा संत्री आणि कापसाचा मुलूख. मध्य प्रदेशात असला तरी घरात मराठी बोलणारा. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रातला एक जिन्नस इथल्या किराणा दुकानात सहज मिळतो, तो म्हणजे चायना ग्रास. दुधाच्या थंडगार वड्या ज्याने थिजतात ती पांढरी, हलकी पट्टी म्हणजे लाल शेवाळातून काढलेलं अगर. समुद्री शेवाळाशी ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

भारतात अगरसाठी जेलिडिएला आणि ग्रॅसिलारिया ही लाल शेवाळं वापरतात. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मन्नारच्या आखातात, स्त्रिया बुडी मारून ती खडकांवरून खुडतात. खडकांनी बोटं सोलवटू नयेत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळतात. आपल्या ताटातली वडी या कष्टातून येते, हे खाणाऱ्याला ठाऊक असायला हवं. भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या दुसऱ्या लाल शेवाळाच्या लागवडीचं तंत्र रुजवलं. आज रामनाथपुरमचे बचत गट बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात. त्यातून निघणारं कॅराजीनन आइस्क्रीम दाट ठेवायला वापरतात.

अगरचा मोठा गुण म्हणजे ते साधारण 35 ते 40 अंशांना थिजतं, पण पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ होतं, अगर होत नाही. याच गुणामुळे 1881 साली फॅनी हेस या गृहिणीने ते आपल्या वैज्ञानिक पतीला जंतू वाढवण्यासाठी सुचवलं आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत ते रुळलं. मे महिन्यात तापणाऱ्या आपल्या भागाला याहून सोयीचा जिन्नस कुठला?

आता त्याला संत्र्याची जोड देऊ. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या संत्र्यांचा रस तापवला की लिमोनिनमुळे कडवट होतो, आणि आंबट रसात उकळलेलं अगर नीट धरत नाही. म्हणून 5 ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक कापून दीड वाटी पाण्यात अर्धा तास भिजवावं आणि त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं. त्यात साखर घालून गाळावं. भांडं खाली उतरवून मगच दोन वाट्या ताजा रस ढवळत मिसळावा. रस फ्रीजमधला नको, गार रसाने लगेच गुठळ्या होतात. दुधाच्या वड्यांनाही हीच रीत: अगर पाण्यात वेगळं विरघळवून गरम दुधात ओतावं.

नोरी, कोंबू, वाकामे ही बाकीची शेवाळं शहरांत किंवा ऑनलाइन मिळतात. नोरीचे पातळ कागद तव्यावर क्षणभर शेकून चुरावेत. जवसाच्या चटणीत ते खारट, खमंग लागतात. कोंबूचा तुकडा पाण्यात भिजवून पाणी उकळायच्या आत काढावा आणि त्या पाण्यात वरण शिजवावं. याच कोंबूतून जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ग्लुटामेट वेगळं करून उमामी ही चव ओळखली. वाकामे पाच-दहा मिनिटं भिजवलं की कितीतरी पट फुगतं. ते कोशिंबिरीत घालावं. आपल्या कोकण किनाऱ्यावरही पावसाळ्यात नोरीच्याच कुळातलं पोरफायरा खडकांवर उगवतं, आणि पालकासारखं हिरवं उल्वाही दिसतं. उल्वाची भजी छान होतात, मात्र ते स्वच्छ पाण्यातलंच हवं. सांडपाणी मिसळतं तिथलं शेवाळ जड धातू शोषून घेतं.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. कोंबूत आयोडीन फार असतं, म्हणून थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते खावं. हिजिकी हे शेवाळ त्यातल्या आर्सेनिकमुळे टाळावंच.

पांढुर्ण्याला या दिवाळीत कोंबू-वाकामे शोधत बसायची गरज नाही. बागेतली संत्री आणि वाण्याकडचं चायना ग्रास एवढ्यावर पाहुण्यांसमोर ठेवावा असा पदार्थ होतो. तो वाढताना रामनाथपुरमच्या बायांचं नावही आवर्जून घ्यावं.