आगर : किनारपट्टीच्या ग्रामनामांतील एक पद

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर कोकणच्या गाड्यांचे फलक वाचीत उभे राहण्याची प्रस्तुत लेखकास जुनी खोड आहे. मध्यंतरी श्रीवर्धनच्या गाडीपाशी एका तरुण प्रवाशाने ‘डाइव्हआगर’चे तिकीट मागितले. ‘‘दिवेआगर म्हणा हो,’’ असे कंडक्टरने त्यास समजाविले. नाव रोमन लिपीतून शिकले म्हणजे असे व्हावयाचेच. परंतु त्याच्या उच्चारातही ‘आगर’ हे उत्तरपद अभंग राहिले होते, आणि या लेखाचा विषय तेच पद होय.

दिवेआगर, गुहागर, आगरदांडा ही नावे सर्वपरिचित आहेत. ‘आगर’ या शब्दाचे किनाऱ्यावर दोन अर्थ आढळतात. एक, माडांची व पोफळींची बाग. दुसरा, मीठ पिकविण्याची जागा, म्हणजे मिठागर. ‘आगरी’ हे जातिनाम सामान्यतः या दुसऱ्या अर्थाशी जोडले जाते. कित्येकांस संस्कृत ‘आगार’ म्हणजे घर हे या शब्दाचे मूळ वाटते. पण बाग आणि मिठागर यांत घराचा संबंध कोठेच येत नाही. ‘आकर’ म्हणजे खाण, उत्पत्तिस्थान. त्याचे प्राकृत रूप ‘आगर’. जेथे काही उत्पन्न होते ती जागा, असा अर्थ घेतला म्हणजे दोन्ही उपयोग एका सूत्रात येतात. मराठीच्या तद्भव शब्दांत स्वरमध्यस्थ ककाराचा बहुधा लोप होतो, येथे तो गकाररूपाने टिकला, एवढी अडचण राहते. तथापि अर्थाचा पुरावा मला अधिक बलवत्तर वाटतो.

आता हे पद कोठे येते ते पाहू. कोकणचा किनारा सरळ नाही. डोंगरांचे खडकाळ फाटे जागोजाग समुद्रात शिरतात आणि दोन फाट्यांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी पुळण पसरते. पुळणीच्या मागे वाळूचा लांबट उंचवटा असतो. पावसाचे पाणी या वाळूत मुरते, आणि गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगून राहते. म्हणूनच लाटांपासून हाकेच्या अंतरावरील विहिरीस गोडे पाणी लागते. या पाण्यावर पोफळ जगते; एरवी उन्हाळ्यात तिला तेथे कोण जगविणार? गावाची रचनाही त्यास अनुसरून झाली. समुद्रास समांतर असा एकच लांब रस्ता, दुतर्फा घरे, प्रत्येक घरामागे चिंचोळी वाडी, तीत विहीर, आणि विहिरीवर एके काळी बैलाने फिरणारा रहाट. दिवेआगरास गेलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. मिठागराची जागा याच्या उलट. त्यास खाडीकाठचा चिखल व भरतीचे पाणी लागते.

अशी नावे भूमीचे वर्णन करतात, संस्थापकाचे नव्हे. म्हणूनच ती एकाहून अधिक ठिकाणी आढळतात. मुरूड एक जंजिऱ्याजवळ, दुसरे दापोली तालुक्यात. वेळास एक मंडणगड तालुक्यात, नाना फडणविसांचे. दुसरे श्रीवर्धन तालुक्यात. ‘वेला’ म्हणजे समुद्रतीर, आणि वेळासचा संबंध तिच्याशी असावा. श्रीवर्धनाकडील वेळासास ‘वेळास-आगर’ असेही म्हणतात. आगरदांड्यातील ‘दांडा’ तसाच भूमिवाचक. रेवदंड्यात तो ‘रेव’ या पदाबरोबर येतो.

या गावांस आपण लहान म्हणतो. परंतु अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, त्यातील शक ९३४ हे वाचन स्वीकारल्यास, इ. स. १०१२ चा ठरतो. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. मराठीच्या आरंभीच्या लेखांतील हे दोन लेख घाटावरच्या राजधानीत नव्हे, तर अशा आगरांच्या गावी सापडले, ही गोष्ट भाषेच्या इतिहासकारांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनाहून पुण्यास आले याचे मात्र आपणांस पदोपदी स्मरण असते!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या माडापोफळींच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या, दापोलीकडेही तेच. पोफळीचे रोप लावल्यावर सुपारी धरावयास अनेक वर्षे लागतात, आणि मधल्या काळात घर चालविण्यास पाहुण्यांसाठी खोल्या बांधणे अधिक सोयीचे पडते. तसे करणाऱ्यास दोष देता येणार नाही. मात्र शिंपणे थांबले की शिंपण्याचे शब्दही थांबतात. रहाट गेला आणि पंप आला तेव्हा रहाटाचे लोटे, त्यांतील पाणी वाहून नेणारी पन्हळ, हे शब्द वापरातून सरले. ते आता वृद्धांच्याच तोंडी आहेत. गावाचे नाव महसुली कागदांत सुरक्षित आहे. वाडीच्या भागांची, विहिरींची, पुळणीवरील वाटांची नावे मात्र कोणत्याच दप्तरात नाहीत, आणि ती जाणणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. विभागाच्या विद्यार्थ्यांनी पुढील उन्हाळ्यात ध्वनिमुद्रणास आरंभ करावयाचा असेल, तर तो दिवेआगरापासून करावा. स्वारगेटहून श्रीवर्धनची गाडी मिळतेच.