दापोली: कलमांचे गाव

दापोली हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातले तालुक्याचे गाव. समुद्र अगदी जवळ असला तरी गाव किनाऱ्यावर नाही. ते सुमारे आठशे फूट उंचीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर वसलेले आहे. त्यामुळे खाली मुरूड-हर्णैला घामाच्या धारा लागलेल्या असताना वर दापोलीत झुळूक असते आणि हिवाळ्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. ही हवा मानवली म्हणून इंग्रजांनी येथे लष्करी छावणी केली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्या काळचे. छावणी गेली आणि गाव पेन्शनरांचे, मग शाळेचे, मग कॉलेजांचे झाले. १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

बहुतेक पर्यटक दापोलीत फक्त गाडी बदलतात किंवा चहा घेतात आणि किनाऱ्याकडे निघून जातात. किनारा सुंदर आहे, यात वाद नाही. पण दापोलीचे जे स्वतःचे आहे, दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर सापडणार नाही, ते वर सड्यावर आहे. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात चालणारे आंब्याच्या कोय कलमाचे काम हे त्यातले पहिले. जुलै-ऑगस्टमध्ये गावात येणाऱ्याने सकाळचे दोन तास त्याच्यासाठी राखून ठेवावेत. रोपवाटिकेत आणि विक्री केंद्रात कोणालाही जाता येते. आतल्या प्रक्षेत्रावर जायचे असेल तर कार्यालयात विचारून जावे.

कोय कलमाची सुरुवात आंब्याचा हंगाम संपता संपता होते. रायवळ आंबे खाऊन किंवा त्यांचा रस काढून उरलेले बाठे धुऊन सावलीत सुकवतात. आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ते फार दिवस ठेवत नाहीत. पावसाची सुरुवात झाली की गादीवाफ्यावर कोयी जवळजवळ मांडतात आणि त्यांवर माती, पालापाचोळा पसरतात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. कोंबाची पहिली पाने तांबूस, लोंबती, हाताला मऊ लागणारी असतात. कलम बांधायची वेळ हीच. रोप दहा-पंधरा दिवसांचे असते तेव्हा त्याचा दांडा रसरशीत असतो आणि त्याला लागणारे अन्न अजून कोयीतल्या दळांतूनच मिळत असते. पाने हिरवी झाली, दांडा कडक झाला की कलम जुळण्याचे प्रमाण घसरते. म्हणून रोपवाटिकेत या आठवड्यांत सुट्टीचा विचार कोणी करत नाही.

दुसरी तयारी झाडावर होते. हापूसच्या किंवा हव्या त्या जातीच्या मातृवृक्षावर तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या निवडतात. कलम बांधायच्या आठवडा-दहा दिवस आधी त्यांची पाने छाटतात, पण देठ ठेवतात. पाने गेली की शेंड्याचा डोळा फुगू लागतो आणि उरलेले देठ हाताचा धक्का लागला तरी गळून पडतात. देठ असा सहज गळला म्हणजे काडी तयार झाली, ही येथल्या कामगारांची खूण. तयार काडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून शेडमध्ये आणतात आणि शक्यतो त्याच दिवशी वापरतात.

शेडमध्ये बायका-पुरुष गोणपाटावर ओळीने बसलेले असतात. एकीकडे वाफ्यातून कोयीसकट अलगद उपटलेल्या रोपांचा ढीग, दुसरीकडे कलमकाड्या आणि मधे पॉलिथीनच्या पट्ट्यांचा गुच्छ. कलम बांधणारी बाई रोप डाव्या हातात धरते. कोयीपासून चार बोटांवर शेंडा उडवते. उरलेल्या खुंटाच्या नेमक्या मध्यावर चाकूचे पाते ठेवून खाली दोन इंचांपर्यंत सरळ चीर देते. मग काडीचे टोक दोन्ही बाजूंनी एकेका लांब फटकाऱ्यात तासते. त्याला पाचरीचा आकार येतो आणि पाचरीची दोन्ही अंगे आरशासारखी गुळगुळीत असतात. येथे चाकू दुसऱ्यांदा फिरवावा लागला तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मधे हवा राहते. म्हणून चाकूची धार दिवसातून कितीतरी वेळा पारजली जाते. पाचर चिरेत बसवली की काडीची साल आणि खुंटाची साल निदान एका बाजूने तरी एका रेषेत आली पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी न ठेवता एका कडेला सरकवतात. सालीच्या लगेच आत पेशींचा वाढता थर असतो. दोन्हींचे हे थर एकमेकांना टेकले तरच सांधा जुळतो, नाहीतर कितीही घट्ट बांधले तरी काडी वाळते. शेवटी पॉलिथीनची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळून गाठ मारतात. सरावलेल्या हाताला या सगळ्याला मिनिटभर पुरते. पाहणाऱ्याला मात्र पहिल्या चार-पाच वेळा काय झाले हेच नीट कळत नाही, म्हणून शेजारी थोडे टेकून पाहावे.

बांधलेले कलम माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावून सावलीत ठेवतात. काडीला अजून मुळाशी जोड मिळालेला नसतो. आतला ओलावा टिकला तरच तिला जगता येते. या दिवसांत दापोलीची हवा इतकी ओली असते की कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी येते. तीच हवा कलमाला जगवते. कोरड्या प्रदेशात त्यासाठी धुक्याची घरे, फवारे असा खर्च करावा लागतो, तो येथे पाऊस फुकट करतो. दोन-तीन आठवड्यांत काडीच्या डोळ्यातून तांबडी पालवी फुटते. खुंटावर सांध्याच्या खालून येणारा फुटवा दिसेल तेव्हा खुडतात, कारण तो वाढू दिला तर रायवळ आंबा हापूसला दाबून टाकतो. कोकणात पूर्वी भेट कलमाची रीत होती. त्यात रोप मोठ्या झाडाच्या फांदीला महिनोन्‌महिने बांधून ठेवावे लागे आणि एका झाडावर मोजकीच कलमे होत. कोय कलमाने ते काम वाफ्यावर आणि शेडमध्ये आणले. कोकणात हापूसच्या बागा डोंगरउतारांवर एवढ्या पसरल्या त्यात या साध्या पद्धतीचा वाटा मोठा आहे, आणि ती शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे काम दापोलीने मनापासून केले.

कलमच का, कोय का लावू नये, याचेही उत्तर येथे मिळते. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परपरागीभवनातून तयार होतो. म्हणून हापूसची कोय लावली तर हापूस मिळेलच असे नाही, बहुधा मिळत नाहीच. परपरागीभवनाचा हाच गुण हेरून विद्यापीठाने नव्या जाती तयार केल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आला. हापूसच्या गरात कधी कधी पांढरट, बेचव साका निघतो आणि चांगल्या दिसणाऱ्या फळाचे पैसे बुडतात. रत्नात साका होत नाही आणि झाड दरवर्षी धरते. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला. त्याची कोय इतकी पातळ असते की फळ कापताना सुरी अडत नाही. हापूसची चव मात्र या दोघांनाही पुरती आली नाही, असे कोकणातला जुना बागायतदार सांगतो, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. विद्यापीठाचे ‘नूतन झेला’ हे अवजारही पाहण्यासारखे आहे. लांब काठीच्या टोकाला कडी, जाळी आणि पाते. आंबा देठासकट कापला जातो, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही आणि साल काळी पडत नाही. विक्री केंद्रात कोकमाचे सरबत मिळते. पावसात भिजून आलेल्यालाही ते घ्यावेसे वाटते.

विद्यापीठातून गावात परत येताना दापोलीचे दुसरे शिक्षण दिसते. मिशनऱ्यांनी चालवलेली येथली इंग्रजी शाळा पुढे आल्फ्रेड गॅडने हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे याच मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झाले. पालगडचे साने गुरुजी येथे शिकायला होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ कॅम्प दापोलीत राहिले होते आणि बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई यांचे माहेर वणंद येथून जवळ आहे. तेथे त्यांचे स्मारक आहे. मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. मुलकी परीक्षेसाठी हा मुलगा मित्रांबरोबर मुरूडहून साताऱ्याला चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. कर्वे, काणे आणि आंबेडकर या तिघांना पुढे भारतरत्न मिळाले. एका लहानशा तालुक्याशी अशी तीन नावे जोडलेली आहेत, पण त्याचा फलक गावात शोधावा लागतो. तो मुख्य नाक्यावर असायला हवा.

दुपारी आसूदला जावे. दापोलीहून हर्णैच्या रस्त्यावर हे गाव लागते. केशवराजाच्या देवळाकडे जाणारी वाट सुपारी-नारळाच्या बागांतून खाली उतरते, वहाळावरचा पूल ओलांडते आणि पायऱ्यांनी वर चढते. देवळाशेजारी गोमुखातून पाणी वाहते. बागेत चालताना पायाशी पाट दिसतात. डोंगरातले पाणी उताराने आणून ते आगरातल्या झाडांच्या आळ्यांत फिरवण्याची ही जुनी व्यवस्था अजून चालू आहे. पंप नाही, नळ नाही, फक्त उतार आणि पाळी. मुर्डीला जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीतला निसर्ग याच पट्ट्यातला.

संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. सुरमई, पापलेट, कोळंबी असे वाळूवर वेगवेगळे ढीग लागतात, बोली पुकारणारा भराभर भाव चढवतो आणि ढीग टोपल्यांत रिकामा होतो. किरकोळ गिऱ्हाईकाने लिलावात पडू नये, बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने घेतला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैमध्ये बंदर सुने असते. कलमे आणि लिलाव दोन्ही पाहायचे असतील तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर पन्हाळेकाजी गाठावे. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत कित्येक शतकांचे काम एकाच कड्यात कोरलेले आहे. पुस्तकात पाहून समाधान होत नाही अशी ही जागा आहे. पावसात वाट निसरडी असते, म्हणून सोबत स्थानिक माणूस घ्यावा.

येथे मुक्काम फार खर्चिक नाही. खेड हे कोकण रेल्वेचे स्थानक सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि तेथून एस.टी. मिळते. परत जाताना कलम न्यायचे असेल तर ते विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावे, सांधा नीट भरलेला आहे आणि खाली फुटवा नाही हे पाहून घ्यावे. लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा. सांधा पक्का झाला की पॉलिथीनची पट्टी आठवणीने सोडावी, नाहीतर ती खोडात रुतते आणि झाड वाऱ्याला तिथेच मोडते. पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. चौथ्या-पाचव्या वर्षी झाड फळ धरू लागते.