उतारवयातील अकारण रक्तस्राव आणि एक नवे औषध

हिमोफिलिया म्हटले की जन्मापासून रक्तस्रावाने बेजार झालेला मुलगा डोळ्यांपुढे येतो. परंतु याच नावाचा एक दुसरा विकार आहे, तो उपजत नव्हे. आजवर दात काढतानाही कधी त्रास न झालेल्या, सत्तरी गाठलेल्या गृहस्थांच्या अंगावर एकाएकी मोठाले काळेनिळे डाग उमटू लागतात. क्वचित नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीलाही तो होतो. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाददुसरा रुग्ण, इतका तो विरळा. आणि विरळा म्हणूनच ओळखण्यास उशीर होतो, हे त्यातील खरे भय होय.

रक्त गोठविणाऱ्या घटकांच्या साखळीतील आठव्या घटकाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडे निर्माण करते. घरच्या पहारेकऱ्याने घरच्याच माणसास अडवावे, तसा हा प्रकार. तपासणीत एपीटीटी लांबलेली आणि पीटी मात्र ठीक, असा निकाल येतो. मग रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळून, दोन तास उबेत ठेवून पुन्हा पाहतात. नुसती उणीव असती तर ती भरून निघाली असती. ती निघत नाही, यावरून प्रतिपिंडांचा संशय बळावतो. अशा रुग्णास स्नायूत इंजेक्शन देणे टाळावे लागते.

नवल असे की, ज्या जातीच्या द्रव्याने हा घोटाळा केला त्याच जातीचे औषध आज उपयोगी पडत आहे. जपानच्या चुगाई कंपनीने घडविलेले एमिसिझुमॅब हे दुहेरी प्रतिपिंड एका हाताने सक्रिय झालेला नववा घटक धरते, दुसऱ्याने दहावा, आणि दोघांस जवळ आणते. आठव्या घटकाचे काम तरी याहून निराळे काय? शिवाय त्याची ठेवण भिन्न, त्यामुळे उपद्रवी प्रतिपिंडे त्यास निकामी करीत नाहीत. ते कातडीखाली टोचतात. जपानने २०२२ साली या विकारासाठी त्यास मान्यता दिली. जर्मनी व ऑस्ट्रियातील ४७ रुग्णांवरील प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिले बारा आठवडे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लांबणीवर टाकूनही बहुतेकांस नवा मोठा रक्तस्राव झाला नाही. वृद्धांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची, कारण त्या औषधांखाली होणारा जंतुसंसर्गही जीवघेणा ठरतो.

मात्र मूळ प्रतिपिंडे याने नाहीशी होत नाहीत. त्यांसाठी पुढे प्रेडनिसोलोन किंवा रिटुक्सिमॅब (हेही प्रतिपिंडच) द्यावे लागते. सक्रिय प्रोथ्रॉम्बिन संयुगाबरोबर ते दिल्यास बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. आणि हे औषध चालू असता एपीटीटी फसवी, अगदी निर्दोष दिसते. म्हणून रक्त तपासावयास देताना घरच्यांनी प्रयोगशाळेस औषधाचे नाव आवर्जून सांगावे.