पाव, चतकोर आणि कंपनी

'मा' या शब्दाबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण तो पुढच्या खेपेला. 'चा' म्हणजे चहा या शब्दावरचा माझा लेख वाचून सोलापूरच्या एका वाचकांनी विचारलंय, की चहात बुडवून खातो त्याला 'पाव' का म्हणतात? उत्तरही त्यांनीच देऊन टाकलंय. पूर्वी बेकरीवाले मोठ्या पावाचे चार भाग करून विकत, त्यातला एक भाग म्हणजे पाव.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलोय. उत्तरेकडे याचाच एक चुलतभाऊ फिरतो. पायांनी कणीक तुडवतात म्हणून म्हणे 'पाँवरोटी'! दोन्ही व्युत्पत्त्या सुटसुटीत, ऐकताक्षणी पटणाऱ्या आणि दोन्ही साफ चुकीच्या. पण नुसतं चूक म्हणून भागायचं नाही. ते ओळखायचं कसं, हे सांगितलं पाहिजे. म्हणून आजचा अख्खा लेख पावावर खर्च करतोय.

आधी शेजाऱ्याकडे डोकावू. गुजरातीत पाव किलोला 'पा किलो' म्हणतात आणि भाजीबरोबर खातात तो 'पांउ', अनुस्वारासकट. बंगालीत चौथ्या हिश्शाला 'पोया' आणि बेकरीतल्या पावाला 'पाउरुटी'. म्हणजे या दोन्ही भाषांत हे शब्द कधी एक झालेच नाहीत. मराठीत आणि हिंदीत त्यांचा उच्चार घासून घासून सारखा झाला आणि नेमकी तिथेच 'चौथ्या भागा'ची गोष्ट जन्माला आली. एक शब्द दुसऱ्यातून निघाला असता, तर गुजरात्यांनी आणि बंगाल्यांनी तो दोन वेगळ्या रूपांत सांभाळला नसता.

आता घरचा पुरावा. भाकरीच्या चौथ्या तुकड्याला आपण काय म्हणतो? चतकोर. 'आई, चतकोर वाढ' असं म्हणणारं पोर 'पाव भाकरी वाढ' म्हणत नाही. पाव असतो शेराचा, किलोचा, तोळ्याचा, मोजमापाचा. ताटातल्या तुकड्याला मराठीनं फार आधीपासून वेगळा शब्द ठेवलाय. त्या गोल भाकरीच्या परदेशी भावाचे चार तुकडे करून विकले असते, तर आज आपण वडा-चतकोर खाल्ला असता.

हा मोजमापातला पाव संस्कृत 'पादा'चा वंशज. पाद म्हणजे पाय. गाईगुरांना पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचा चरण म्हणजे पादच, आणि पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्यायांचे प्रत्येकी चार असे ३२ पाद आहेत. 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासकट. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', एकातून पाव वजा. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले त्यांनी हा पाय नकळत शेकडो वेळा उच्चारलाय. जुन्या चार आण्यांची पावली याच घरातली. लॅटिनचा 'पेस', ग्रीकचा 'पूस' आणि इंग्रजीचा 'फूट' हे पादाचे सख्खे भाऊबंद. सगळ्यांचा अर्थ पाय.

देव पावतो तो पाव तिसराच. तो 'प्राप्'पासून आला. त्याचीच मुलगी पावती. पैसे पावले म्हणून पावती. त्याला इथेच नमस्कार करून पुढे जाऊ.

आता बेकरीतला पाव. पोर्तुगीजांचा शब्द 'पांउं'सारखा, नाकातून उच्चारायचा. मराठीनं शेवटचा नाकातला स्वर सोडला आणि 'आव' केला. हे मी पावाकडे बघून ठरवलेलं नाही. पोर्तुगीज 'लेइलांउं'चं मराठीत काय झालं पाहा: लिलाव. तोच शेवट, तोच बदल. हिंदीनं मात्र नाकातला आवाज 'म' करून ठेवला आणि 'नीलाम' केलं. शब्दांची नाती जोडताना एकट्या शब्दावर कधी विश्वास ठेवू नये. त्याच्याबरोबर त्याच वाटेनं आलेला दुसरा शब्द तसाच बदललाय का, हे बघावं. साक्षीदार दोन हवेत.

हे साक्षीदार गोळा करण्याचं अफाट काम एका गोवेकरानं करून ठेवलंय. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, जन्म १८५५, गाव बार्देशातलं आसगाव. सुमारे पन्नास आशियाई भाषांत कोणकोणते पोर्तुगीज शब्द शिरले, याचा त्यांचा कोश १९१३ साली निघाला. १९३६ साली त्याचं इंग्रजी भाषांतर बडोद्यात छापलं गेलं. आपल्याकडे या माणसाचं नाव फारसं घेतलं जात नाही, याची मला खंत आहे. बटाटा, चावी, पगार, तुरुंग हे शब्द रोज वापरणाऱ्यांनी त्यांना एकदा तरी आठवावं.

दालगादोंच्या गोव्यात पाव ही नुसती वस्तू नाही, तो दिवसाचा एक प्रहर आहे. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की पोदेर, म्हणजे पाववाला, आला. हा 'पोदेर'ही पोर्तुगीज 'पादेइरो'तून आलेला. मागच्या टोपलीत कडक सालीचे उंडे, बांगडीसारखी काकणं आणि कोंडा भुरभुरलेली चपटी पोयी. पोयी फाडली की आत पोकळ खिसा निघतो. त्यात भाजी भरा नाहीतर चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. पूर्वी हे पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत.

पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे लागली तिथे हा शब्द उतरला. सिंहलीत आणि लंकेतल्या तमिळमध्ये तो 'पान'. तिथे नाकातला आवाज टिकला. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि जपानीतही 'पान' झालं. १८७४ साली तोक्योच्या किमुराया बेकरीनं त्यात लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण भरलं आणि 'आनपान' केला. पुढच्या वर्षी तो खुद्द मेइजी सम्राटांपुढे ठेवला गेला. जपानी पोरांचं एक कोडं आहे : पान असून खाता येत नाही, ते पान कोणतं? उत्तर : फ्राइंग पॅन. जपानीतूनच तो शब्द कोरियात 'प्पांग' होऊन गेला.

आता तोतये. हल्ली मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत 'बाओ' मिळतो, होक्किएन चिनीत 'पाउ'. वाफवलेला, मऊ, पांढरा. बघताच वाटावं की हा आपल्या पावाचा पूर्वज! काही संबंध नाही. त्या चिनी शब्दाचा अर्थ गुंडाळणं. तैवानात हा 'पाउ' आणि जपानीतून आलेला 'फांग' दोन्ही विकले जातात आणि तिथलं कुणी त्यांत गल्लत करत नाही. हवाईच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपलं. आणि लिस्बनमध्ये नाकातला आवाज विसरून पाव मागाल तर 'पाउ', म्हणजे लाकूड मागून बसाल. ब्राझीलला नाव मिळालं ते याच 'पाउ-ब्राझील' नावाच्या लाकडावरून.

खरा नातेवाईक मात्र भलत्याच वेषात आपल्यावर राज्य करून गेला. पोर्तुगीज शब्दाचं मूळ लॅटिन 'पानिस'. एकत्र बसून तो खाणारा तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कॉम्पानिओ', सोबती, त्यातून 'कंपनी'. मुंबई १६६१च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पावाच्या एका शाखेनं दुसऱ्या शाखेला बेट सोपवलं म्हणायचं. सोलापूरकर वाचकांना एवढंच सांगतो : पाव आणि पावशेर यांचं नातं नाही, पाव आणि कंपनी सरकार यांचं आहे.

वाचकांकडे एक मागणं आहे. चतकोरापेक्षा लहान तुकड्याला तुमच्या भागात काय म्हणतात? कोर, नितकोर, कुटका. आणखी काही असेल तर गावाच्या नावासकट कळवा. असे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जातात आणि कोशात सापडत नाहीत. 'मा' पुढच्या आठवड्यात, नक्की.