गाडी रडते, एजन्सी हसते

वाक्वाच्या आमच्या गल्लीत गेले सहा महिने कोणाला घड्याळाची गरज उरली नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कोपऱ्यावर आमची गाडी वळली की असा काही टाहो फोडी की शेजारच्या काकी चहाचे आधण ठेवीत. पलीकडचे कुत्रे पहिले काही दिवस भुंकले, मग तेही कंटाळले. कास्कावेलला देवळात गेलो तर आत बसलेली मंडळी न बघताच म्हणत, "आले बरे का वाक्वाचे!" आम्ही हसून वेळ मारून नेत होतो. सौ. मात्र हसत नव्हती. आमची मुलगी हीच गाडी घेऊन नातवाला रोज कात्र बोर्नच्या शाळेत पोचवते. सौ.चे म्हणणे एकच : "मूल रडले तर काय दुखतेय म्हणून विचारतो ना आपण? मग गाडीला का नाही विचारत?"

गाडी तीन वर्षांची, एजन्सीकडूनच नवी घेतलेली. एजन्सीचे नाव सांगत नाही. बेट लहान आहे, आणि वाचकांना कामाची गोष्ट नावात नाही.

पहिल्या खेपेस काउंटरवरच्या तरुणाने ऐकूनही न घेता सांगितले, "ओलाव्याने होते. नॉर्मल आहे." आता यात खोटे काही नाही. ब्रेकची डिस्क बिडाची असते. आपल्या पठारावर रात्रभर पाऊस आणि धुके, किनाऱ्यावर खारा वारा; एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज धरतो. सकाळी पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक दाबला की तो खरवडला जातो आणि तेवढ्यापुरती कुरकुर होते. तसा आवाज असेल तर खुशाल दुर्लक्ष करावे. पण आमची गाडी भर दुपारी पोर्ट लुईच्या उन्हातही रडत होती, त्याचे काय? त्याचे उत्तर मिळाले नाही.

दुसऱ्या खेपेस "धूळ बसली आहे" म्हणून चारी चाकांची सफाई झाली आणि अडीच हजार रुपयांचे बिल झाले. पंधरा दिवस गल्लीत शांतता नांदली. सोळाव्या दिवशी काकींचे आधण पुन्हा चढले.

तिसऱ्या खेपेस काउंटरवर दुसरेच गृहस्थ होते, कोट घातलेले. त्यांनी गाडी आत नेली, अर्ध्या तासाने एक कागद पुढे सरकवला. चारी डिस्का नव्या, चारी चाकांचे पॅड नवे, मजुरी धरून ३२,००० रुपये. वॉरंटी? ब्रेक हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही. आम्ही जरा घुटमळलो तसे ते हळूच म्हणाले, "घरात लहान मूल आहे ना? सुरक्षेचा प्रश्न आहे."

वाचकहो, खरे सांगतो, त्या वाक्याने आमचे पेन खिशातून बाहेर आले होते. २०१३ च्या मे महिन्यात सोरेझला बस उलटून दहा जण गेले, तेव्हा या बेटावर घरोघरी ब्रेकचीच चर्चा होती. ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ब्रेकच्या नावाने घाबरवणे फार सोपे आहे. त्यात त्या काउंटरची तऱ्हा अशी की समोरचा फ्रेंचमध्ये बोलतो, आम्ही क्रेओलमध्ये उत्तर देतो आणि सहीचा कागद इंग्रजीत असतो. तीन भाषांच्या फटीतून बरेच काही गळून जाते. तरी एक प्रश्न सुचला : "झिजलेला पॅड दाखवता का?" तर म्हणे, विम्याच्या नियमामुळे ग्राहकाला कारखान्यात जाता येत नाही. "मग किती मिलिमीटर उरला आहे ते तरी लिहून द्या." कोटवाले गृहस्थ हसले. फार सौजन्याने हसले. त्या हसण्यानेच आमचे पेन परत खिशात गेले.

आमचे आतेभाऊ आयुष्यभर बसच्या कारखान्यात ब्रेकचे काम करून निवृत्त झाले. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे गाडी नेली. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

"दादा, एजन्सीवाले म्हणतात डिस्का गेल्या."

"कोणी मोजल्या?"

"मोजल्या नाहीत बहुधा."

"मग गेल्या कशावरून? तुझा चश्मा काढ नि तो जॅक इकडे दे."

चाक उतरले. नव्या पॅडची जाडी साधारण दहा ते बारा मिलिमीटर असते, ती तीनवर आली की बदलायची वेळ झाली असे धरावे. पुष्कळ गाड्यांत पॅडला पोलादाची एक बारीक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. ते रडणे नव्हे, हाक आहे. ती ऐकून आठवड्याच्या आत पॅड बदलावेत. आणि किंचाळणे जाऊन खरखर, दगड दळल्यासारखी घरघर सुरू झाली तर गाडी हलवूच नये, कारण तेव्हा धातूवर धातू घासत असतो. आमच्या गाडीत पट्टी डिस्कपासून लांब होती. डावीकडच्या पुढच्या चाकाचा बाहेरचा पॅड आठ मिलिमीटर, आतला पाच. उजवीकडचे दोन्ही सात. डिस्कवर कारखान्याने कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती दादांनी आम्हालाच वाचायला लावली : २०. माप आले २१.४. म्हणजे डिस्का शाबूत.

मग रडत काय होते? कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, तेव्हा दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. डावीकडची एक पिन कोरडी पडून गंजली होती, म्हणून आतला पॅड डिस्कला सतत चिकटून राहिला. त्याच पॅडच्या पाठीमागची पातळ पत्र्याची चकती, शिम म्हणतात ती, जाग्यावर नव्हतीच. सफाईत कोणी काढली नि बसवायची विसरली की काय, देव जाणे. पॅड डिस्कवर एकसारखा घसरत नाही. क्षणात धरतो, क्षणात सुटतो. सारंगीच्या तारेवर गज जे करतो तेच हे. असे सेकंदाला हजारो वेळा झाले की सगळी जोडणी थरथरते आणि कानठळ्या बसतात. शिमचे काम ती थरथर गिळण्याचे.

हे दुखणे आजचे नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात डिस्कवर तांबे घासे, आणि त्याची किंचाळी अशी की लोक हैराण होत. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अस्बेस्टॉसचे अस्तर पुरवले तेव्हा कुठे आवाज बसला. त्या अस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरून ते अनेक देशांतून गेले आणि पॅडमध्ये धातूची भुकटी, तंतू, सिरॅमिक असे नवे मिश्रण आले. धातू जास्त असलेला पॅड उष्णता छान सोसतो, पण बोलतो जास्त. तेव्हा स्वस्त पॅड बसवून घेतल्यावर आवाज सुरू झाला, तर आधी पॅड कोणत्या जातीचा ते विचारावे.

इथे आमचा मूर्खपणाही कबूल करतो. आजोबांच्या वेळी उसाच्या बैलगाडीचा आस कुरकुरला की वंगण घालीत, हे लहानपणी ऐकलेले. आम्ही तेलाची बुधली उचलून म्हटले, "दादा, थोडे पॅडवर सोडू का?" दादा केवढ्याने तरी ओरडले. पॅडच्या तोंडावर तेलाचा थेंबही गेला तर आवाज जाईल खरा, पण त्याबरोबर ब्रेकही जाईल. ब्रेकसाठीचे खास ग्रीस मिळते, ते पिनांना आणि पॅडच्या पाठीला, तेही बोटभरच.

पिन साफ झाली, ग्रीस लागले, पॅडच्या कडा घासून उतरत्या केल्या, शिम नवी आणली. मग दादांनी बॉनेट उघडले आणि ब्रेकच्या तेलाची डबी बघून पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला. तेल काळ्या चहासारखे झाले होते. "हे कधी बदलले?" आम्ही कागद चाळले. एकदाही नाही.

हे तेल हवेतले पाणी शोषते, आणि आपल्याकडे हवेला पाण्याचा काय तोटा! डॉट ४ प्रतीचे नवे तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. ३.७ टक्के पाणी मुरले की तोच आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ती उष्णता तेलापर्यंत पोचते, तेल उकळते, वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. पेडल थेट तळाला जाते. याला आवाज नसतो. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी हे तेल बदला म्हणतात. एजन्सीने तीन खेपांत धूळ पाहिली, डिस्का पाहिल्या, आमचे नातवंड पाहिले. ती डबी कोणी उघडली नाही. आणि पुढच्याच रविवारी आम्ही सगळे गंगा तलावावरून शामारेलला आणि तिथून खाली काझ नोयालला उतरणार होतो. तो वळणावळणांचा उतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

नवे तेल, शिम आणि किरकोळ सामान मिळून १,९०० रुपये. मजुरी दादांनी घेतली नाही, जेवायला थांबलो नाही म्हणून रागावले मात्र.

सगळी मापे कागदावर लिहून आम्ही एजन्सीत गेलो. कोटवाल्यांनी कागद वाचला, परत हसले नाहीत. माफी मागितली नाही. सफाईचे अडीच हजार परत द्यायला मात्र तयार झाले, आणि तेही आम्ही वाणिज्य व ग्राहक संरक्षण मंत्रालयाच्या कचेरीचा पत्ता विचारल्यावर. फाटकाशी कारखान्यातला एक पोरगा मागून धावत आला, इकडेतिकडे पाहून क्रेओलमध्ये म्हणाला, "अंकल, पुढच्या वेळी गाडी देतानाच माप लिहून मागा, आणि काढलेला भाग डिकीत ठेवायला सांगा. मग आम्हालाही नीट काम करू देतात." पोरगा भला वाटला.

रविवारी शामारेलला गेलो. उतारावर दादांनी बजावल्याप्रमाणे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, ब्रेकवर पाय ठेवून बसलो नाही, लागेल तेव्हा दाबून सोडत राहिलो. सौ.ने काझ नोयालपर्यंत दाराची मूठ सोडली नाही. आवाज नव्हता. सोमवारी रात्री वाक्वात मुसळधार पाऊस झाला, आणि सकाळी फाटकाबाहेर पडताच गाडी पुन्हा बारीक कुरकुरली. सौ. ओट्यावरून खाली आली. आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा ब्रेक दाबला, तिसऱ्यांदा दाबला. मग हात हलवून तिला म्हटले, "ओलावा!"