हद्दपारांची इटली

२००८ साली फ्लॉरेन्सच्या नगरसभेनं एक जुनी शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला. शिक्षा होती १३०२ सालची, आणि ती झाली होती कवी दान्तेला. सत्तेत असताना पैसे खाल्ल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. जानेवारीत दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी सुनावण्यात आली. तो हजर झाला नाही, तेव्हा मार्चमध्ये दुसरा निकाल लागला: सापडला तर जिवंत जाळा. पुढे ज्याच्या भाषेला अख्ख्या देशानं प्रमाण मानलं, त्या माणसानं उरलेली एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या आश्रयानं काढली. फ्लॉरेन्सच्या वेशीत त्याला पुन्हा पाऊल टाकता आलं नाही.

इटलीला जायचं ठरलं की आपल्याकडे वाचनाची सुरुवात प्रवासवर्णनांपासून होते, आणि ते योग्यच आहे. मीना प्रभूंचं ‘रोमराज्य’ वाचून निघालेल्या मराठी प्रवाशाला तिथे चांगली सोबत मिळते. पण देश आतून कळायला आणखी एका प्रकारची पुस्तकं लागतात. माझ्या मते इटली सर्वांत खरेपणानं लिहिली ती हद्दपारांनी. ज्यांना गावाबाहेर काढलं किंवा दूरच्या आडगावात नेऊन ठेवलं, त्यांनी. याचं कारण त्या देशाच्या घडणीतच आहे. एकसंध इटलीचं राज्य जाहीर झालं १८६१ मध्ये, आणि रोम त्यात आलं १८७० मध्ये. त्याआधी शतकानुशतकं शहर हाच देश होता. वेस ओलांडली की परमुलूख. म्हणून एखाद्याला मोडायचं तर शहरानं त्याला बाहेर काढायचं, एवढं पुरे होई. पुढे फॅसिस्ट राजवटीनं तीच रीत उलटी फिरवली. तुरिन-मिलानच्या शिकल्यासवरल्या विरोधकांना तिनं दक्षिणेतल्या दरिद्री खेड्यांत आणि बेटांवर पाठवलं. एरवी जे तिथे कधी फिरकले नसते, त्यांना तो मुलूख दिवसरात्र पाहावा लागला.

दान्तेच्या काव्यातला नरकातून स्वर्गापर्यंतचा प्रवास घडतो १३०० सालच्या वसंतात, म्हणजे हद्दपारीच्या दोन वर्षं आधी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो शहराच्या सहा कारभाऱ्यांपैकी एक होता. पण काव्य लिहिलं गेलं ते हद्दपार झाल्यावर. त्यामुळे नरकात आणि स्वर्गात भेटणारे मृतात्मे त्याला पुढचं भविष्य सांगू शकतात. स्वर्गात त्याचा एक पूर्वज भेटतो आणि काय वाढून ठेवलंय ते सांगतो. परक्यांच्या पावाची खारट चव आणि परक्यांच्या जिन्यांची चढउतार, एवढ्या दोन गोष्टींत तो सारी हद्दपारी उभी करतो. तस्कनीतला पाव आजही मीठ न घालता भाजतात. जाड कवचाचा, आतून अगदी अळणी. सोबत खारवलेलं मांस किंवा पेकोरिनो चीज असलं तरच तो गोड लागतो. फ्लॉरेन्सच्या माणसाला परगावचा पहिला घासच सांगतो, की आपण घरी नाही. हे माहीत असलं की ती ओळ एकदम जिभेवर येते.

त्याचा शेवट झाला रावेन्नात, १३२१ च्या सप्टेंबरमध्ये. आश्रयदात्याच्या कामासाठी व्हेनिसला शिष्टाईला गेला होता. परतताना दलदलीच्या वाटेवर हिवताप जडला, असं मानतात. फ्लॉरेन्सला मग त्याच्या अस्थी हव्या झाल्या. १५१९ मध्ये पोप दहावा लिओ, जो स्वतः फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्यातला, त्याच्याकडे अर्ज गेला. त्यावर मायकेलअँजेलोची सही होती. समाधी मी घडवीन, असं त्यानं कळवलं होतं. परवानगी मिळाली, माणसं रावेन्नाला पोचली, शवपेटी उघडली, तर आत काहीच नाही. शेजारच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच काढून नेल्या होत्या. त्या मिळाल्या थेट १८६५ मध्ये, दुरुस्तीच्या कामात, बुजवलेल्या दारातल्या एका लाकडी पेटीत. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं भव्य स्मारक आहे, पण ते रिकामं. रावेन्नातल्या समाधीवर दिवा तेवतो, आणि त्याचं तेल दर सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सकडून येतं. रावेन्नाला लोक मोझेइकसाठी जातात, आणि सान व्हिताले चर्चचं सोनेरी-हिरवं छत पाहिल्याशिवाय परतूही नये. पण तिथून काही मिनिटं चालत जाऊन त्या छोट्या समाधीपाशी उभं राहिल्यावर दोन शहरांमधलं सातशे वर्षांचं देणं समोर दिसतं.

दान्तेच्या त्या काव्याचं एक जुनं हस्तलिखित आपल्या मुंबईत आहे. टाउन हॉलच्या उंच पायऱ्या चढून गेल्यावर लागणाऱ्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात ते जपलेलं आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं ते संस्थेला दिलं. त्यासाठी मुसोलिनीनं दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेनं नकार दिला, अशी कथा सांगितली जाते.

दान्तेनंतर दोनशे वर्षांनी फ्लॉरेन्सनं आणखी एकाला बाहेर काढलं. निकोलो मॅकियाव्हेली १४९८ पासून चौदा वर्षं प्रजासत्ताकाचा सचिव होता. १५१२ मध्ये मेडिची परतले आणि त्याची नोकरी गेली. पुढच्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून अटक झाली. मागे बांधलेल्या हातांनी दोराला टांगून त्याचा छळ केला गेला. सुटल्यावर तो सान्तान्द्रेया इन पेर्कुस्सिना या खेड्यातल्या आपल्या शेतघरी गेला. शहर तिथून काही मैलांवर, पण तिथे त्याला काम उरलं नव्हतं. १० डिसेंबर १५१३ रोजी त्यानं रोममधल्या मित्राला, फ्रान्चेस्को व्हेत्तोरीला, पत्र लिहिलं. मॅकियाव्हेली म्हणजे कपटनीती, एवढंच ऐकलेल्या प्रत्येकानं त्याच्या ‘प्रिन्स’च्या आधी हे पत्र वाचावं. सकाळी तो फासे लावून थ्रश पक्षी धरतो, लाकूडतोड्यांची भांडणं ऐकतो, झऱ्याकाठी बसून दान्ते किंवा पेत्रार्क वाचतो. दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत खाटीक आणि चक्कीवाल्याबरोबर पत्ते, आणि एका दमडीवरून इतका आरडाओरडा की तो शेजारच्या गावात ऐकू जावा. संध्याकाळ झाली की घरी येऊन तो चिखलाचे कपडे उंबऱ्याशी उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि अभ्यासिकेत जातो. तिथे प्राचीन ग्रंथकारांना तो प्रश्न विचारतो आणि ते त्याला उत्तरं देतात. चार तास दारिद्र्याची आठवण नाही, मरणाची भीती नाही. त्या बैठकींतून एक छोटं पुस्तक तयार झालंय, हेही तो त्याच पत्रात सांगतो. तेच ‘प्रिन्स’. छापलं गेलं १५३२ मध्ये, तो गेल्यावर पाच वर्षांनी.

तिसरं नाव मराठी वाचकाला सांगायला नको. जेनोआचा जोसेफ मॅझिनी १८३० मध्ये पकडला गेला, सावोनाच्या किल्ल्यात राहिला आणि सुटून देशाबाहेर पडला. ‘यंग इटली’ त्यानं स्थापली ती मार्सेयमध्ये, १८३१ साली. आणि आयुष्याची बरीच वर्षं काढली लंडनमध्ये. तिथे बाजाची पेटी वाजवून भीक मागायला लावलेल्या इटालियन पोरांसाठी त्यानं रात्रीची मोफत शाळा काढली. उगो फोस्कोलो हा त्याच्या आधीचा निर्वासित कवी लंडनमध्येच कफल्लक अवस्थेत वारला होता; दान्तेवरचं त्याचं अपुरं काम मॅझिनीनं शोधून काढलं आणि १८४२-४३ मध्ये प्रसिद्ध केलं. एका हद्दपाराच्या काव्यावर दुसऱ्यानं खपावं आणि तिसऱ्यानं ते काम पुरं करावं, हा धागा मला फार मोलाचा वाटतो. १८७२ मध्ये मॅझिनी वारला तो पिसात, खोटं नाव घेऊन राहत असताना. इटली तोवर एक झाली होती, पण राजाच्या हाताखाली, आणि ते त्यानं कधी मान्य केलं नाही.

लंडनमध्येच सावरकरांनी १९०६ साली त्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला. तो १९०७ मध्ये पुण्यात छापला गेला आणि ब्रिटिश सरकारनं लवकरच त्यावर बंदी घातली. पुढे अनुवादक स्वतः अंदमानला गेला. तेव्हा इटलीच्या इतिहासाचं एक पान महाराष्ट्रात जप्तीला पात्र ठरलं होतं, हे इटलीविषयी वाचणाऱ्या मराठी माणसानं ध्यानात ठेवावं.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्याच्याकडे वळतो. कार्लो लेव्ही तुरिनचा. शिक्षणानं डॉक्टर, वृत्तीनं चित्रकार. फॅसिझमविरोधी कामाबद्दल त्याला १९३५ मध्ये लुकानियात, म्हणजे इटलीच्या बुटाच्या कमानीत, पाठवण्यात आलं. आधी ग्रास्सानो, मग आलियानो. गाव सोडायचं नाही, पत्रं तपासूनच मिळणार. १९३६ मध्ये अबिसीनियातल्या विजयाच्या निमित्तानं माफी झाली आणि तो सुटला. पुस्तक लिहिलं सात वर्षांनी, १९४३-४४ मध्ये, फ्लॉरेन्समध्ये जर्मनांपासून लपून असताना. १९४५ मध्ये ते निघालं: ‘क्राइस्ट स्टॉप्ड अॅट एबोली’. एबोलीपाशी रस्ता आणि आगगाडी समुद्रकाठ सोडून आत वळते. आम्हाला माणसात धरत नाहीत, ख्रिस्तसुद्धा एबोलीलाच थांबला, इकडे आलाच नाही, असं तिथले शेतकरी म्हणत.

हे पुस्तक वाचताना पहिल्यांदा जाणवते ती त्याची सावकाशी. लेव्ही कुणाची कीव करत नाही आणि कुणाला नमुना म्हणून मांडत नाही. उन्हाळ्यात गावात सावली मिळेना, तेव्हा तो दफनभूमीत जाऊन नुकत्याच खणलेल्या रिकाम्या खड्ड्यात आडवा पडून वाचत असे. वर आभाळाचा चौकोन आणि शेजारी त्याचा कुत्रा बारोने. घराघरांत पलंगाच्या वर दोन चित्रं लावलेली त्याला दिसली: एक व्हिज्जानोची काळी मदर मेरी, दुसरं अमेरिकेचा अध्यक्ष रुझवेल्ट. राजाचं नाही, मुसोलिनीचं नाही, गारिबाल्दीचंही नाही. घरटी कुणी ना कुणी अमेरिकेला गेलेलं. त्यांची राजधानी रोम नव्हतीच, असलीच तर ती न्यूयॉर्क होती. एकीकरणाच्या पाठ्यपुस्तकी इतिहासावर याहून नेमकी टिप्पणी मी वाचलेली नाही. गावात हिवताप घरोघरी. दोन डॉक्टर होते, पण लोकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता; लोक या कैद्याकडे येऊ लागले. मग वरून हुकूम आला, की त्यानं औषधोपचार करायचे नाहीत.

त्याची बहीण लुइसा, तीही डॉक्टर, भेटीला येते आणि वाटेत पाहिलेल्या मातेरा शहराची हकिकत सांगते. दरीच्या कड्यात कोरलेल्या गुहा, त्यांना ‘सास्सी’ म्हणतात. एकेका गुहेत माणसं आणि जनावरं एकत्र. डोळे आलेली, तापानं फणफणलेली मुलं तिच्यामागे धावतात आणि पैसे नव्हे, क्विनीन मागतात. पुस्तक गाजलं, आणि देशाला या दारिद्र्याकडे पाहणं भाग पडलं. पंतप्रधान दे गास्पेरी १९५० मध्ये मातेराला गेले, १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार माणसांना नव्या वस्त्यांत हलवण्यात आलं. रिकाम्या पडलेल्या त्याच गुहांना १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा लाभला, आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. आज तिथे गुहांमधली हॉटेलं आहेत. तिथे राहायला हरकत नाही, पण लुइसाची ती पानं वाचून जावं.

बाईनं सांगितलेली हद्दपारी वेगळी असते. नतालिया गिन्झबर्ग १९४० मध्ये हद्दपार केलेला नवरा लिओने याच्या मागोमाग लहान मुलांना घेऊन अब्रुत्झोतल्या पित्झोली गावी गेली. वांशिक कायद्यांमुळे ज्यू लेखिकेला स्वतःच्या नावानं पुस्तक काढता येत नव्हतं. तिची पहिली कादंबरी १९४२ मध्ये टोपणनावानं आली. लिओने तिथे बसून ‘वॉर अँड पीस’चा इटालियन अनुवाद तपासत होता आणि नतालियानं प्रूस्तचा अनुवाद हाती घेतला होता. १९४३ मध्ये ते सुटले. १९४४ च्या फेब्रुवारीत लिओने रोमच्या तुरुंगात जर्मनांच्या छळानं मेला. त्यानंतर तिनं ‘विंटर इन द अब्रुत्झी’ हा निबंध लिहिला. त्यात सगळी घरगुती कामं आहेत: चूल पेटवणं, मुलांना घेऊन बर्फातून फिरणं, छतावर रंगवलेल्या गरुडाकडे बघत बसणं. लिओनेचा मृत्यू शेवटी थोडक्या वाक्यांत येतो, आणि तेव्हा वाचकाला कळतं, की ज्या दिवसांना ती वैतागली होती तेच तिच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते.

व्हेंतोतेने बेटाचा उल्लेख केलाच पाहिजे. सम्राट ऑगस्टसनं ख्रिस्तपूर्व २ मध्ये पोटच्या मुलीला, युलियाला, इथे हद्दपार केलं होतं. तिच्या वाड्याचे अवशेष अजून आहेत. त्याच बेटावर १९४१ मध्ये अल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी या कैद्यांनी संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला. जर्मन फौजा निम्मा युरोप व्यापून बसल्या असताना त्यांनी लिहिलं, की राष्ट्रांच्या सीमा पुसल्याखेरीज युद्धं थांबणार नाहीत. चोरून मुख्य भूमीवर नेलेला तो मजकूर आज युरोपीय संघाच्या पायाभूत कागदपत्रांत गणला जातो. स्पिनेल्लीची कबर त्याच बेटावर आहे.

सुरुवात गिन्झबर्गच्या निबंधापासून करावी. तो एका बैठकीत वाचून होतो. मग मॅकियाव्हेलीचं पत्र, मग लेव्ही, आणि दान्तेला पुरेसा वेळ. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत सहज मिळतात. लेव्हीचा मराठी अनुवाद कुणी मनावर घेतला तर मोठं काम होईल. आपल्याकडच्या दुष्काळी मुलखातल्या वाचकाला तो मुळीच परका वाटणार नाही. आणि मातेरापर्यंत गेलात तर आणखी एक दिवस काढून आलियानोला जा. लेव्ही राहत होता ते घर पाहायला मिळतं, भोवती पांढऱ्या मातीच्या ओघळी पडलेल्या टेकड्या आहेत. १९७५ मध्ये तो वारल्यावर त्याच्याच इच्छेनुसार त्याला तुरिनमध्ये नव्हे, या गावात पुरण्यात आलं.